दुकानाची छाप

बिडी वळणाऱ्या बाईच्या सुपात पडलेल्या बिडीला नाव नसतं. भंडारा जिल्ह्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराच्या ओसरीत चालत आलं आहे. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांच्या एका फिरकीत पान वळायचं, निमुळत्या टोकाला दोरा बांधायचा आणि रुंद टोकाची घडी आत दाबायची. मजुरी हजारामागे. पान आणि तंबाखू सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा कंत्राटदार, देतो, वळलेला माल मोजून तोच उचलतो आणि वाकडातिकडा वाटला तो छाटून बाजूला काढतो. पुढे कारखान्यात भट्टीची धग बसते, वीस-पंचवीस बिड्यांचे कट्टे बांधले जातात आणि प्रत्येक कट्ट्याभोवती पातळ रंगीत कागद गुंडाळला जातो. त्या कागदावर वाघ असतो, नुसता एखादा आकडा असतो, नाहीतर फेटा बांधलेल्या मालकाचा फोटो. इथे पोचेपर्यंत ती बिडी कोणाचीही असू शकली असती.

एकाच आळीतल्या दोन घरांत, एकाच जंगलातल्या पानांत वळलेला माल दोन वेगळ्या कारखान्यांचा होऊन बाहेर पडतो. तंबाखूचं मिश्रण ज्याचं त्याचं वेगळं असतं हे खरं. पण पानठेल्यावर उभं राहिलेलं गिऱ्हाईक मिश्रण सांगत नाही, कागद सांगतं. ‘वाघवाला’ म्हणतं. दुसरा कट्टा हातात ठेवला तर न फोडता परत करतं.

माल बनवणारे हात एकाचे, त्यावरचं नाव दुसऱ्याचं, आणि निष्ठा मात्र नावाशी. आजच्या सुपरमार्केटच्या भाषेत याला ‘प्रायव्हेट लेबल’ किंवा ‘स्टोअर ब्रँड’ म्हणतात. दुकान स्वतः साबण उकळत नाही की बिस्किटं भाजत नाही. दुसऱ्याकडून करून घेतं आणि आपल्या नावाच्या पाकिटात घालून आपल्याच फळीवर मांडतं. अशा मालाला टीव्हीवरच्या जाहिरातीचं बळ नसतं. जे काही सांगायचं ते पाकिटालाच सांगावं लागतं.

पाकीट किती बोलतं, याची कबुली सरकारनेच दिलेली आहे. तंबाखूचे दुष्परिणाम सांगणारी चित्रं भारतात ३१ मे २००९ पासून पाकिटांवर आली आणि १ एप्रिल २०१६ पासून त्यांनी पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापली. ऑस्ट्रेलिया त्याच्याही पुढे गेला: डिसेंबर २०१२ पासून तिथल्या सिगारेटच्या प्रत्येक पाकिटाचा रंग एकच, मळकट तपकिरी, आणि कंपनीचं नाव ठरवून दिलेल्या साध्या अक्षरांत. तंबाखू तीच राहिली. काढून घेतला तो चेहरा. तो चेहरा माणसांना ओढत नसता तर त्यासाठी कायदा करायची आणि कंपन्यांनी त्याविरुद्ध कोर्टात जायची वेळ आली नसती.

ताक्यावरचे दोन हत्ती

भंडारा जिल्ह्यातलं पवनी हे विणकरांचंही गाव. कोष्ट्यांच्या मागांवर इथे रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी निघत. विणणारा आणि विकत घेणारा एकाच पेठेत वावरत असतील तेव्हा कापडाला वेगळ्या ओळखपत्राची गरज पडत नाही. काठ पाहायचा, पोत बोटांत धरायचा, आणि काही खोट निघालीच तर कोणाच्या दारात जायचं ते ठाऊक असायचं.

ही ओळख तोडली ती गिरणीने. इंग्लंडच्या लँकेशायरचं कापड आणि सूत एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारात पसरलं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आता कापड कोणी विणलं हे दुकानदारालाही सांगता येईना. विलायती मालाच्या बाबतीत तर गिरणीचं नाव पुढे येतच नसे. मँचेस्टर-ग्लासगोच्या निर्यातदार पेढ्या वेगवेगळ्या गिरण्यांकडून कापड उचलत, त्याला हवं तसं रंगरूप देत आणि ताक्याच्या दर्शनी घडीवर स्वतःचं रंगीत तिकीट चिकटवत. रॅली ब्रदर्ससारख्या पेढ्यांचा व्यापार असाच चाले. म्हणजे ‘स्टोअर ब्रँड’ हे नाव निघण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये त्याचे ढीग लागलेले होते.

ही तिकिटं पाहिली की आजही नजर खिळते. शिळाछापावर रंगांमागून रंग चढवून, वर सोनेरी झाक देऊन छापलेली चित्रं: बाळकृष्ण, लक्ष्मी, अंबारीतला राजा, वाघाची शिकार, आगगाडी. गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हतं, म्हणून चित्र असं हवं की ते नुसत्या बोलण्यात मागता येईल. आणि ते सुंदर हवं, कारण कापड संपल्यावरही चित्र घरात उरायचं. लोकांनी ती तिकिटं भिंतीवर लावली, पेट्यांच्या झाकणांच्या आत चिकटवली, वह्यांत जपली. देवाचं चित्र असेल तर फेकण्याचा प्रश्नच नव्हता. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे मळवलीला हललेला छापखाना देवादिकांच्या तसबिरींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच छापखान्यातून मालावरची लेबलंही निघत. तसबीर आणि लेबल यांच्यातली रेघ त्या काळी फार पुसट होती.

चित्रावर गिऱ्हाईक किती विसंबून असतं हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सलाही १८८२ मध्ये मान्य करावं लागलं. स्कॉटलंडमधली ऑर-युइंग ही पेढी तांबडं भडक ‘टर्की रेड’ सूत मुंबई आणि एडनच्या बाजारात पाठवी. तिच्या तिकिटावर दोन हत्ती होते. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने आपल्या सुतावर दोन हत्तींचंच, पण बाकी तपशिलांत वेगळं तिकीट लावलं. नाव निराळं, मजकूर निराळा, मग तक्रार कसली, असा त्याचा सवाल. पण मुंबईच्या बाजारात ते सूत ‘बे हाथी’ या नावानेच मागितलं जात होतं. मागणारा इंग्रजी नाव वाचत नव्हता, हत्ती मोजत होता. निकाल पहिल्या पेढीच्या बाजूने लागला.

वाण्याचं नाव

मराठी मुलखातल्या किराणा दुकानाला फार काळ पाकिटाची गरजच नव्हती. डाळ गोणीत, गूळ भेलीत, तेल पिंपात. मापाने घ्यायचं, रद्दीच्या पुड्यात बांधून न्यायचं, दोरा वरच्या रिळातून ओढायचा. दुकानदाराचा चेहरा समोर होता, आणि उधारीची वहीही. माल नावाचा झाला तो दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात अंतर पडल्यावर.

वि. प. बेडेकरांनी १९१० मध्ये गिरगावात दुकान टाकलं ते किराण्याचं. पुढे त्याच दुकानातून लोणची आणि मसाले विकले जाऊ लागले आणि बघता बघता दुकानाचं नाव बरणीवर चढून दुकानापेक्षा लांब पोचलं. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान १९५० चं. नागपुरात बिकानेरच्या हल्दीराम घराण्यातल्या शिवकिशन अग्रवालांनी जम बसवला आणि संत्रा बर्फीला विदर्भाची भेटवस्तू करून टाकलं. या तिन्ही ठिकाणी दुकान आधी आणि ब्रँड नंतर.

मिठाईच्या खोक्याची कामगिरी तर कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. बर्फी कुठून आणली हे पाहुण्याने विचारायचं नसतं आणि यजमानाने सांगायचं नसतं. ते खोका सांगतो. गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या वरच्या फळीवर दोरी बांधून ठेवलेला खोका शंभर किलोमीटर जाहिरात करत जातो, तीही गिऱ्हाइकाच्या खर्चाने. रिकामा झाल्यावर त्यात बटणं, सुया, रिळं किंवा लाइटची बिलं जातात आणि दुकानाचं नाव आणखी काही वर्षं घरात नांदतं. म्हणूनच जाणता हलवाई खोक्याच्या पुठ्ठ्यात काटकसर करत नाही.

पिवळं, तपकिरी आणि बाकीचे रंग

काही मोठ्या साखळी दुकानांनी स्वतःचा माल काढला तेव्हा पाकिटाकडे मुद्दाम पाठ फिरवली. फ्रान्सच्या कारफूरने १९७६ मध्ये ५० वस्तू कोऱ्या पांढऱ्या वेष्टणात आणल्या. नाव नाही, चित्र नाही, म्हणून स्वस्त. कॅनडातल्या लॉबलॉजने १९७८ मध्ये तोच विचार उचलला, पण डिझायनर डॉन वॉट यांनी पांढऱ्याऐवजी भडक पिवळा रंग घेतला आणि त्यावर जाड काळ्या अक्षरांत फक्त वस्तूचं नाव लिहिलं. सुरुवात १६ वस्तूंनी झाली. साधेपणासाठी केलेली ही रचना फळीवर सगळ्यांत जास्त उठून दिसू लागली. ‘नो नेम’ हेच तिचं नाव पडलं आणि आज कॅनडात तो पिवळा रंग लांबूनही ओळखला जातो.

जपानमध्ये सेइयू या सुपरमार्केट कंपनीने १९८० मध्ये ४० वस्तू बाजारात आणल्या. कलादिग्दर्शक इक्को तानाका यांनी त्यांना न रंगवलेला तपकिरी कागद दिला आणि त्यावर तोवर कोणी छापत नसलेली एक गोष्ट छापली: हा माल स्वस्त का आहे. शिताके अळंबी मोडकी आहेत, पण भाजीत चिरूनच पडायची असतात. स्पॅगेटी वाळत घालताना काठीवर वळलेला जो बाक कापून टाकला जातो, तोच इथे पाकिटात आहे. गिऱ्हाइकाला आपण समजूतदार आहोत असं वाटायला लावणारं ते पाकीट होतं. त्या ४० वस्तूंचा पसारा वाढत जाऊन ‘मुजी’ नावाची जगभरची दुकानं झाली. मुंबईत लोअर परळला मुजीचं दुकान २०१६ मध्ये उघडलं.

याच्या बरोबर उलट टोकाला इंग्लंडचं सेन्सबरीज. या दुकानाने १९६२ मध्ये स्वतःच्या इमारतीत डिझाइनचा विभाग थाटला आणि पीटर डिक्सन यांच्या देखरेखीखाली पुढची पंधरा वर्षं कॉर्नफ्लेक्सपासून कुत्र्याच्या खाण्यापर्यंत शेकडो पाकिटं तिथेच रेखाटली गेली. सपाट रंग, वर्तुळं, पट्टे, भरपूर मोकळी जागा. प्रत्येक पाकीट वेगळं, पण दहा पाकिटं एकत्र ठेवली की एकाच हाताचं अक्षर ओळखू यावं तशी. ज्या गृहिणीला या दुकानाचा चहा आवडला तिला त्याच घराण्यातलं मीठ परकं वाटत नसे. ती पाकिटं कचऱ्यात जाऊन अनेक दशकं उलटली तरी २०११ मध्ये त्यांच्यावर देखणं चित्रपुस्तक निघालं आणि खपलं. स्वस्त वाटाण्याच्या डब्याला असा मान क्वचित मिळतो.

अमेरिकेतल्या ट्रेडर जोज या साखळीइतके वेडे चाहते मात्र दुसऱ्या कुठल्या किराणा दुकानाला मिळाले नसतील. जो कूलोम्ब यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे पहिलं दुकान उघडलं. दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या थाटाची सजावट, हवाई बेटांवरचे फुलाफुलांचे शर्ट घातलेले नोकर आणि पुढे फळीवर बहुतेक माल दुकानाच्याच नावाचा. जाहिरातीवर उधळायला पैसा नव्हता. मग कूलोम्ब यांनी आपल्या माहितीपत्रकासाठी एकोणिसाव्या शतकातली कोरीव चित्रं उचलली, कारण त्यांचे हक्क संपलेले होते आणि ती फुकट मिळत होती. वर मिस्कील मजकूर जोडला. अडचणीतून निघालेली ती शैली दुकानाची ओळख होऊन बसली आणि पाकिटांवरही उतरली. मार्च २०२४ मध्ये याच दुकानाने २ डॉलर ९९ सेंटला एक छोटी कापडी पिशवी विकायला काढली. लोकांनी रांगा लावल्या, काही तासांत पिशव्या संपल्या आणि इंटरनेटवर त्याच पिशव्यांसाठी शेकडो डॉलर मागितले जाऊ लागले. पिशवीत काही नव्हतं. फक्त दुकानाचं नाव होतं.

या सगळ्यांत कोणी साधेपणा निवडला, कोणी नटणं निवडलं. सारखेपणा दोन बाबतींत आहे. एक, पाकीट दुसऱ्या कोणासारखं नव्हतं. दुसरं, दुकानातलं एक पाकीट आवडलं तर त्याची पुण्याई शेजारच्या दहा पाकिटांना लागत होती. साबणाची कंपनी एका साबणापुरता विश्वास कमावते. दुकान तो डाळीकडून शाम्पूकडे वळवू शकतं, मात्र दोघांचं कूळ पाकिटावरून एक वाटायला हवं.

नक्कल करून काय मिळतं

दुकानांना सोपा रस्ता मोह घालतोच. खपणारा ब्रँड पाहायचा, त्याच रंगाचं, त्याच आकाराचं पाकीट करायचं आणि चार पैसे कमी लावून शेजारीच मांडायचं.

भारतात या प्रकारावरचा गाजलेला निकाल मराठी माणसाच्या ओळखीच्या बिस्किटाचा आहे. विलेपार्ल्याच्या पारले कंपनीच्या ‘ग्लुको’ बिस्किटाच्या कागदावर शेतावरचं दृश्य होतं: मधोमध मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे घर आणि झाडं. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या बिस्किटावरही मुलगी, गाई आणि कोंबड्या काढल्या. फक्त त्या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा दिला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दोन कागद शेजारी ठेवून फरक शोधत बसू नये. गिऱ्हाईक दुकानात तसं करत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पूर्वी पाहिलेल्या कागदाची ढोबळ आठवण असते, आणि त्या आठवणीला फसवण्याइतकं साम्य असेल तर ते पुरे. निकाल पारलेच्या बाजूने लागला. पुढे २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेट आणि अँकर यांच्या वादात लाल-पांढऱ्या रंगांची विशिष्ट मांडणीसुद्धा मालकीची असू शकते असं मानलं.

विलायतेत हा खेळ अजून रंगतो आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या साखळी दुकानाचा सुरवंटाच्या आकाराचा ‘कॉलिन’ केक आणि आल्डी या दुसऱ्या साखळीचा तसाच ‘कथबर्ट’ यांच्यावरून २०२१ मध्ये दावा झाला. आल्डीने समाजमाध्यमांवर त्याची भरपूर थट्टा केली, लोक हसले, आणि पुढच्या वर्षी दोघांनी आपसात मिटवलं. नक्कल केलेलं पाकीट खपतं, यात शंका नाही. पण ते घेणाऱ्याला मूळ वस्तूचीच आठवण होत राहते. मूळ वस्तूवर सूट लागली की तो तिकडे वळतो.

पाकिटाची मागची बाजू

महाराष्ट्रात या धंद्याचा सगळ्यांत मोठा वस्तुपाठ डीमार्टने घालून दिला. राधाकिशन दमाणींनी पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला उघडलं. आता नागपूरला लग्नाच्या खरेदीला गेलेलं कुटुंब महिन्याचा किराणाही तिथूनच भरून आणतं. ‘प्रीमिया’ या नावाने हे दुकान डाळी आणि सुका मेवा विकतं. अशा पाकिटाचा मोठा भाग पारदर्शक असतो, आणि त्याला कारण आहे. ज्या गिऱ्हाइकाने जन्मभर तूरडाळ तळहातावर घेऊन पाहिली, खडा शोधला, दाणा दाताखाली फोडला, त्याला नुसतं डाळीचं चित्र दाखवून भागत नाही. त्याला डाळ दिसावी लागते. परदेशी पाकिटांच्या नकलेवर उभ्या राहिलेल्या डिझाइनरांना हे शिकायला वेळ लागला.

पुढची बाजू मन वळवते, मागची बाजू जबाबदार धरते. २०११ पासून लागू असलेल्या वेष्टनबंद मालाच्या नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन पाकिटावर असावाच लागतो. खाण्याच्या वस्तूवर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. स्टोअर ब्रँडच्या पाकिटावर इथेच दोन पत्ते सापडतात: बनवणाऱ्याचा एक आणि विकणाऱ्याचा दुसरा. चष्मा लावून ते वाचणारं गिऱ्हाईक विरळा, पण एकदा वाचलं की पुढचा वाघ कोणाच्या पाठीवर उभा आहे हे कळतं.

स्टोअर ब्रँडची मर्यादाही या दोन पत्त्यांतच आहे. किशोर बियाणींच्या बिग बझारची ‘टेस्टी ट्रीट’ पाकिटं एके काळी शहरी मुलांच्या डब्यांत सर्रास दिसत. २०२२ मध्ये बिग बझारचा डोलारा कोसळला, दुकानं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि चिप्सच्या त्या पाकिटांना फळीच उरली नाही. गिरगावच्या बेडेकरांचं लोणचं दुकानाच्या बाहेर पडलं म्हणून टिकलं. जो माल एकाच दुकानाच्या दारात बांधलेला असतो तो दुकानाबरोबर मावळतो, चित्र कितीही चांगलं असो.

चिन्नोरचा पुडा

भंडारा जिल्ह्याचा चिन्नोर तांदूळ आणि पवनीला लागून असलेल्या भिवापूरची मिरची, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गावोगावच्या बचत गटांकडे तांदूळ, तिखट, पापड, लोणचं तयार असतं. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात असा माल दरवर्षी मांडला जातो. चवीला तो कमी पडत नाही. अडतं ते वेष्टणावर, आणि अडण्याचं कारण आवडीनिवडीत नसून छपाईच्या गणितात आहे.

सुपरमार्केटचा चकचकीत पाऊच ग्रॅव्हुअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी धातूचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर. छपाई बाहेरच्या पातळ पॉलिएस्टरच्या आतल्या अंगाला उलटी करतात आणि तिच्या मागे पॉलिथिनचा थर चिकटवतात. शाई दोन थरांच्या मधे अडकते, म्हणून ती घासून जात नाही आणि अन्नालाही लागत नाही. एकदा सिलिंडर कोरले की लाखो पाऊच स्वस्तात निघतात. पण ज्या गटाला हंगामात पाचशे पुडेच भरायचे आहेत त्याच्या प्रत्येक पुड्यावर सिलिंडरचा खर्च तांदळाहून जड बसतो. म्हणून गटाचा माल कोऱ्या पाऊचमध्ये जातो आणि त्यावर स्टिकर येतं. स्टिकर जवळच्या फ्लेक्सवाल्याकडे तयार होतं, आणि तो लग्नपत्रिकेचा गणपती, धान्याची ओंबी, इंटरनेटवरून उचललेली हिरवी शेतं आणि चार प्रकारची अक्षरं एकाच वीतभर जागेत बसवून देतो.

यात सुधारणा करायला पैसा लागतोच असं नाही. एक रंग, एक चित्र, एकाच वळणाची अक्षरं. तांदळाच्या पुड्यावर जे तेच तिखटाच्या आणि पापडाच्याही. पवनीच्या रेशीमकाठाची नक्षी स्टिकरच्या कडेला घेतली तर ती नागपूर-मुंबईच्या कोणाकडे असणार नाही, आणि तिच्या छपाईला दोन रंग पुरतात. डिजिटल छपाईत सिलिंडर लागत नाही, त्यामुळे दोनशे-तीनशेचा घाणाही निघू शकतो.

खरा पेच मोठ्या अक्षरांचा आहे. ‘भंडारा चिन्नोर’ हे मानांकित नाव एका गटाचं नाही. नोंदणीकृत वापरकर्ते सगळे ते लावू शकतात. पुड्यावर तेच सगळ्यांत ठळक छापलं तर खाऊन खूश झालेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी चिन्नोर मागेल आणि दुकानदार हाताला येईल तो पुडा देईल. गटाचं नाव ठळक केलं तर पहिल्यांदा पाहणाऱ्याला आत कुठला तांदूळ आहे ते चटकन कळणार नाही. ऑर-युइंगच्या सुतावर हा पेच चित्राने सुटला होता. बचत गटांच्या बहुतेक स्टिकरांवर अशा चित्राची जागा अजून गणपती आणि ओंबीने अडवलेली आहे.